चोविसावी रेघ

६ जानेवारी १९७५, सोमवार. पलूस

ही वही एस्तरबाईनं घ्यायला लावली. ती सांगलीच्या दवाखान्यात मोडक्या हातापायांचा व्यायाम करून घेते. म्हणाली, रोज हात किती वर गेला, कुठं दुखलं, लिहून आणायचं. मी म्हटलं, मी तिसरी शिकलेली बाई. तर म्हणाली, मग कोणाकडून तरी लिहून घ्या. कोणाकडून कशाला? आमचे मालक बावीस वर्षं फौजेत आहेत, त्यांना पत्रं मीच लिहिते. लग्नानंतर एक वर्ष पोस्टमनकडून लिहून घेतली, तर माझ्या मनातलं सगळ्या आळीला पाठ. तेव्हापासून मीच. आणि मोडलाय तो डावा खांदा. उजवा चांगला आहे.

आकडे शेवटच्या पानावर लिहिणार. ते पान बाईला दाखवायचं. बाकीची पानं माझी.

झालं ते असं. दसऱ्याच्या आधी म्हैस पाण्यावर नेताना बुजली. दाव्याचा वेढा मी मनगटाला घेतला होता. घेऊ नये, हे आईनं मला सांगितलेलं, मी लेकीला सांगितलेलं. तरी घेतला. खांदा निखळला. कोरेगावच्या बाजूला एक हाडं बसवणारा आहे, त्यानं ओढलं, पिळलं, लेप लावून कामट्या बांधल्या, महिनाभर सोडू नका म्हणाला. महिन्यानं सोडलं तर हाड जागेवर बसलेलंच नव्हतं. मग सांगली. दोन डिसेंबरला खांदा उघडून हाड बसवलं, हात महिनाभर छातीशी बांधून ठेवला. आज सोडला. हात कुठला, नुसतं लाकूड.

डॉक्टर म्हणाले, मार्च संपेपर्यंत हात जिथवर जाईल तिथवर जाईल. त्यानंतर जिथं थांबला तिथंच राहणार. भिंतीवर पट्टी रंगवलीय, तिच्यावर तीस रेघा. बोटांनी भिंत चढत जायचं. माझी बोटं सातव्या रेघेवर थांबली. मी विचारलं, अंबाडा बांधायला कितवी रेघ लागते. एस्तरबाई हसली नाही, हे बरं केलं. स्वतःचा हात डोक्यामागं नेऊन बघितला आणि म्हणाली, चोविसावी.

तर चोवीस. माझे केस कमरेखाली आहेत आणि एका हातानं अंबाडा होत नाही. लेक खंडाळ्याला दिलीय, तिचं बाळंतपण नुकतंच झालंय. मालक जबलपूरला. म्हणून गेला महिना माझी वेणीफणी थोरली करते. थोरली म्हणजे थोरल्या दिरांची बायको, हरणाबाई. वाटणी झाल्यापासून अकरा वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नाही. भिंतीला भिंत आहे, पण बोलत नाही. दवाखान्यानं सांगितलं बाईमाणूस पाहिजे, मालकांनी थोरल्या भावाला पत्र घातलं, आणि ही पिशवी घेऊन हजर. पलूसला हिचं माहेर. आमचं गाव सांगलीहून लांब, म्हणून इथं तिच्या भावाकडं, नाथाजीकडं राहायचं आणि सोमवार-गुरुवार एस्टीनं सांगलीला जायचं, असं ठरलंय. मला कोणी विचारलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

एस्तरबाईनं हात धरून वर नेला आणि मी तिला लाथ मारली. मुद्दाम नाही. पाय आपोआप गेला. तिनं फक्त साडी झटकली. परत नेला, परत तेच. आठव्या रेघेच्या वर मी हात जाऊ देत नाही म्हणाली. मी म्हटलं, मी कुठं अडवते. ती म्हणाली, तुम्ही नाही, दुखणं अडवतं, अंग आपलं आपण आवळून घेतं.

मग डॉक्टर आले. विलायतेत शिकून आलेले आहेत, बोलतात मात्र सरळ. म्हणाले, व्यायामाच्या आधी ग्यास हुंगायचा. पूर्ण भूल नाही, नुसती गुंगी. दुखणं लांब जातं, अंग सैल पडतं, तेवढ्यात हात वर नेता येतो. तिकडं बाळंतिणींना देतात म्हणे.

मी नाही म्हटलं. ऑपरेशनच्या वेळची भूल माझी मी जाणते. गेले ती आलेच नाही असं वाटलं होतं. शिवाय शुद्धीत नसलेली बाई काय बडबडेल त्याचा नेम नाही. पदर दाताखाली धरून करीन म्हटलं. डॉक्टर म्हणाले, करा.

पदराला भोक पडलं. हात आठवर.

१३ जानेवारी, सोमवार

घेतला ग्यास. चोवीस पाहिजे म्हणून घेतला.

लोखंडी गाडीवर दोन नळकांडी असतात, एक निळं, एक काळं. निळ्यात गुंगीचा वायू, काळ्यात प्राणवायू. दोन्ही मिसळून रबरी नळीतून येतात. नळीच्या टोकाला रबराची वाटी, ती नाकातोंडावर धरायची. भुलीचे डॉक्टर चाव्या फिरवून प्रमाण लावून देतात.

नियम एकच. वाटी ज्याची त्यानंच धरायची. फार गुंगी आली की हात सैल पडतो, वाटी खाली येते, साधी हवा लागते, माणूस शुद्धीवर येतो. दुसऱ्यानं धरली की वाटी पडत नाही आणि गुंगी वाढत जाते. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं. मला आवडलं. दवाखान्यात पहिल्यांदाच एक गोष्ट माझ्या हातात दिली.

वास गोडसर, ताज्या काकवीसारखा. आधी ओठ बधिर. मग कानात दूरवरून मळणीयंत्र चालल्यागत. मग माझा डावा हात कोणाचा तरी दुसऱ्याचा झाला आणि दुखत होतं ते त्या दुसऱ्याला. एस्तरबाईनं तो वर नेला. मी बघत होते. वाटी पडली आणि मी परत आले. पाच मिनिटं झाली असतील.

अकरा. एका दिवसात.

काही बोलले का म्हणून विचारलं. एस्तरबाई म्हणाली, सगळेच बोलतात, मी ऐकत नाही. थोरली बाहेर बाकावर होती, दाराला पडदाच फक्त आहे. परत येताना एस्टीत तिनं खिडकीकडची जागा मला दिली. एरवी आपण बसते.

१४ जानेवारी

संक्रांत. थोरलीनं माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवला. गोड बोला म्हणायचं असतं, ती काहीच म्हणाली नाही. मीही नाही. दोघींनी मुकाट्यानं खाल्ला. नाथाजीची बायको आमच्याकडं बघत राहिली.

२० जानेवारी, सोमवार

तेरा. भिंतीवरनं बोटं चढताना आता मला कोळ्याची आठवण होते.

थोरली आज म्हणाली, मी आत बसते. मला नाही म्हणाली, एस्तरबाईला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. तिला काय बघायचंय ते मला ठाऊक आहे. जाऊ कशी तळमळते, ते. बघ म्हटलं मनात. ग्यास लागल्यावर मला काय त्याचं.

शुद्धीवर आले तर ती डोळे पुसत होती. एस्तरबाईनं विचारलं तर म्हणाली, स्पिरिटचा वास झोंबतो.

हिच्या बोटांना कायम मिसरीचा वास येतो. वेणी घालताना तो माझ्या नाकाशी येतो. किती वेळा वाटतं सांगावं, हात धुवून घे म्हणून. सांगत नाही, कारण बोलत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

सोळा.

खोटं कशाला लिहू, मी सोमवार-गुरुवारची वाट बघते. दुखत नाही म्हणूनच नव्हे. त्या पाच मिनिटांत मला काही करायचं नसतं. म्हशी नाहीत, उसाला पाणी नाही, दाराशी कोण आलं ते बघायचं नाही. भुलीच्या डॉक्टरांना म्हटलं, आज थोडा जास्त सोडा की. ते हसले. एस्तरबाई नाही हसली.

थोरलीनं काल ज्वारीच्या कण्या केल्या, ताक घालून, वर लसणाची फोडणी. मला आवडतात. तिच्या लक्षात कशा राहिल्या कोण जाणे. चांगल्या झाल्या होत्या. सांगितलं नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

काल काय झालं ते मला नीट माहीत नाही. माहीत आहे तेवढंच लिहिते.

ग्यास लावला. भुलीच्या डॉक्टरांना बाळंतिणीकडनं बोलावणं आलं, ते गेले. एस्तरबाईनं हात एकदा वर नेला आणि शेकायची पिशवी आणायला बाहेर गेली. मी वाटी धरून पडले होते. मळणीयंत्र चाललं होतं. मला वाटलं आता वाटी पडेल, हवा लागेल. पडली नाही. मी खाली खाली गेले, आडात पोहरा सोडल्यासारखी. एकदा मिसरीचा वास आला. थोरली कोपऱ्यातल्या स्टुलावर होती, तिचाच असेल.

पुढचं आठवतं ते म्हणजे कोणीतरी गालावर चापट्या मारतंय आणि मी उताणी ओकतेय. एस्तरबाईनं कुशीवर वळवलं. ती आली तेव्हा माझे ओठ निळे झाले होते म्हणे. थोरली भिंतीला चिकटून उभी. डॉक्टर धावत आले.

रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं. सकाळी सोडलं. डोकं अजून जड आहे. हात मोजला नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

ग्यास बंद.

डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्हाला चटक लागली. तुम्ही वाटी दाबून धरलीत. मी म्हटलं, नाही धरली. ते म्हणाले, मग कशी पडली नाही? आणि तुम्हीच जास्त सोडा म्हणत होता ना?  म्हटलं तर होतं. एस्तरबाई म्हणाली, चूक माझी, मी खोलीबाहेर जायला नको होतं. डॉक्टरांनी तिलाही सुनावलं, माझ्यादेखत. चांगल्या बाईला माझ्यापायी ऐकून घ्यावं लागलं.

ग्यासाशिवाय व्यायाम. तेरा. सोळावरून तेरा.

मला खरंच चटक लागली काय? मी धरून ठेवली असेन काय? माणूस गुंगीत काय करतं ते त्याला थोडंच कळतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तेराच. आता मी लाथ मारत नाही, ओरडते. बाहेर बसलेले पेशंट उठून गेले म्हणे.

१० फेब्रुवारी, सोमवार

बारा.

थोरलीचं काहीतरी बिघडलंय. आत येऊन बसत नाही. जेवत नाही, नुसतं भाकरीचा तुकडा मोडल्यासारखं करते. शनिवारी कसला उपास धरला आणि चार कोसांवरच्या देवीला अनवाणी जाऊन आली. पायाला फोड. वेणी घालताना आज फणी तिच्या हातून दोनदा खाली पडली. मी म्हटलं, जमत नसेल तर राहू दे. तिच्याशी बोललेलं अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि तेही भांडणाचं.

बारावर राहिला तर काय, याचा आज नीट विचार केला. दूध काढायचं तर एका हातानं निघेल, वेळ लागेल. भारा डोक्यावर घेता येणार नाही. भाकरी थापता येईल. चोळीची गाठ पुढं असते, ती बांधता येईल. अंबाडा नाही. म्हणजे रोज सकाळी कोणापुढं तरी पाठ करून बसायचं. मालक पुढच्या वर्षी पेन्शनीत येतील. ते फौजेत सगळं शिकले, वेणी घालायला नाही शिकले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एस्तरबाईनं सांगितलंय, घरी हात गोल फिरेल असं काम करा, जोर चांगल्या हाताचा, आजारी हातानं नुसतं सोबत जायचं. हे थोरलीनं ऐकलं असणार. आज सकाळी तिनं नाथाजीच्या गोठ्याशेजारच्या खोपीतून जातं काढलं. गिरण आल्यापासून त्या जात्यावर कोंबड्या बसत होत्या. तिनं धुतलं, पुसलं, खुंटा ठोकून घट्ट केला, पसाभर ज्वारी घेतली आणि समोर बसली. खुंट्याला तिचा उजवा हात लागला, मग माझा उजवा, वर माझा डावा नुसता ठेवला.

जड नाही गेलं. ती ओढते, माझा हात जातो. दुखतं, पण जातो.

आमच्या घरीही जातं आहे, म्हणजे अर्धं आहे. वाटणीच्या वेळी आम्ही दोघी जात्यावरून अडून बसलो. ती म्हणे सासूनं मला दिलं, मी म्हणे मला. पंच सकाळपासून उपाशी बसलेले. शेवटी वैतागून त्यांनी वरचा दगड धाकल्याला, खालचा थोरल्याला असं लिहून टाकलं, आणि आम्ही दोघींनी ते मान्य केलं. अकरा वर्षं माझा दगड माझ्या परसात आणि तिचा तिच्या परसात. माझ्यावर मी कपडे धुते. लोक हसले, तेव्हाही आम्ही मागं घेतलं नाही.

त्याआधी नऊ वर्षं आम्ही रोज पहाटे एका जात्यावर बसायचो. हे लिहायची गरज नव्हती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज दळताना थोरली मधेच थांबली. खुंटा धरलेलाच होता. माझ्याकडं न बघता म्हणाली,

“बने, त्या दिवशी वाटी मीच धरलीती.”

मला कळलं नाही. कुठली वाटी म्हटलं.

“रबराची. तुझा हात सैल पडला, तवा मी वरनं दाबून धरली. दम धरून बसले. मग तुझं तोंड निळं झालं.”

मी खुंट्यावरचा हात काढून घेतला. पंधरा दिवस मी स्वतःला चटक लागलेली बाई समजत होते. डॉक्टरांचं ऐकून घेतलं, एस्तरबाईनं ऐकून घेतलं, आणि हात बारावर आला. मी विचारलं, “मारायची होती मला?”

तर म्हणाली, “तसंच म्हनतील सगळे. जावेनं जावेचं तोंड दाबलं, जमिनीपायी. म्हनून बोलले न्हाई.”

“मग कशापायी दाबलंस?”

ती जात्यातली ज्वारी बोटानं आत ढकलत राहिली. मग म्हणाली, “तू ग्यासात मला आक्का म्हनतीस. पहिल्या दिसापासनं. आक्का, हळू ओढ. आक्का, दानं टाक. बाहेर बाकावर ऐकू आलं, म्हनून आत येऊन बसले. त्या दिशी लय बोलत हुतीस. हात पडला असता, तर तू शुद्धीवर आली असतीस आन् गप झाली असतीस.”

मी उठून मागच्या दारी गेले. दिवसभर तिच्याशी बोलले नाही. आधीही बोलत नव्हते, पण आजचं वेगळं होतं. लय राग आला. राग आला तो वाटी धरली म्हणून, का पंधरा दिवस गप्प बसली म्हणून, का माझ्या तोंडून निघालेलं मला ठाऊक नसताना तिला ठाऊक होतं म्हणून, ते मला सांगता येत नाही.

संध्याकाळी तिला म्हटलं, सोमवारी डॉक्टरला हे असंच सांगायचं. ती म्हणाली, पोलीस बोलावतील. मी म्हटलं, “बोलावले तर मी सांगीन. माझी जाऊ येडी हाय, खुनी न्हाई.”

जेवली आज. दोन भाकरी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. डॉक्टरांपुढं अर्धं तिनं सांगितलं, अर्धं मी. आक्का म्हणण्याचं सांगितलं नाही. माझा त्रास बघवेना म्हणून धरली, एवढंच. डॉक्टर तिला खूप बोलले. ती मान खाली घालून उभी राहिली. पोलिसांचं नावही काढलं नाही त्यांनी. मग माझ्याकडं वळून म्हणाले, मी तुम्हाला उगीच बोललो. डॉक्टर माणूस असं म्हणताना मी आधी ऐकलेलं नाही. एस्तरबाईलाही तसंच म्हणाले, तेही सगळ्यांदेखत.

ग्यास सुरू. अट एवढीच, खोलीत एस्तरबाईशिवाय कोणी नाही, आणि एस्तरबाईनं बाहेर जायचं नाही. थोरलीला दूर, औषधांच्या खिडकीपाशी बसवलं. तिथनं काही ऐकू जात नाही.

चौदा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अठरा. रोज सकाळ-संध्याकाळ दळतो. नाथाजीची बायको म्हणते, आता गिरणवाला उपाशी मरेल. पीठ जाड निघतं. नाथाजी न बोलता खातो.

१० मार्च, सोमवार

वीस. कानाच्या वर हात जातो. पदर डोक्यावर घेता आला, दोन्ही हातांनी. आरशात बघितलं. मग परत घेतला, परत बघितलं.

१३ मार्च, गुरुवार

वीस.

१७ मार्च, सोमवार

वीस. ग्यासात असताना एस्तरबाई हात नेते तेव्हा म्हणे काही अडल्यासारखं होतं, दुखण्यानं नव्हे, आतूनच. दोर संपल्यासारखं.

आज तिला विचारलं, मी अजून बडबडते का. म्हणाली, आता नाही, आता नुसत्या पडून असता.

आक्काला विचारलं, त्या दिवशी मी आणखी काय बोलले. ती म्हणाली, सांगनार न्हाई, ते माझं हाय. आणि हसली. पुढचे दोन दात कधी पडले हिचे? मला माहीत नव्हतं.

२४ मार्च, सोमवार

वीस. दळण दुप्पट केलं. गरम पाण्याचा शेक, भिंत, दोरी, सगळं. खांदा रात्री ठणकतो. वीस.

३१ मार्च, सोमवार

आज शेवटचं. आक्का खालच्या खिडकीवर कागद घ्यायच्या रांगेत होती. खोलीत मी, डॉक्टर, एस्तरबाई. डॉक्टरांनी हात सगळीकडून फिरवून बघितला, मग माझा हात हळू खाली ठेवला. ठेवला तेव्हाच मला कळलं.

म्हणाले, वीसवर थांबलाय. आता यापुढं फार जाणार नाही. पण चांगला आला आहे, काम होईल.

मी म्हटलं, चोवीस का नाही आली ते सांगा. ते म्हणाले, हाड उशिरा बसलं, आत बरंच चिकटून जून झालं होतं. मी म्हटलं, ते मला आधीपासून ठाऊक आहे. मधल्या अठरा दिवसांचं सांगा. त्यांनी एस्तरबाईकडं बघितलं. मी म्हटलं, “मी तिसरी शिकलेय, पण पट्टीवरच्या रेघा मला वाचता येतात.”

तेव्हा म्हणाले, तो काळ मोक्याचा होता. हात चढत होता तेव्हाच थांबला आणि आत परत आवळला. ग्यास बंद झाला नसता, तर चारेक रेघा आणखी आल्या असत्या. खात्रीनं सांगत नाही म्हणाले. पण विचारायचं होतं ते मी विचारलं आणि सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं. बंद त्यांनीही केला, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, म्हणून मी ते काढलं नाही.

एस्तरबाई दारापर्यंत आली. तिनं माझा हात हातात घेतला आणि जिन्यावरून वर येणाऱ्या आक्काकडं बघितलं. मी म्हटलं, हिला काही सांगायचं नाही. ती म्हणाली, मी ऐकतच नाही, तुम्हाला माहीत आहे.

आक्कानं वरच्या पायरीवर पोचायच्या आधीच विचारलं, किती? वीस म्हटलं. व्हय, पन का? मी म्हटलं, म्हशीनं केलं, आन् त्या हाडवाल्यानं. डॉक्टर तसंच म्हनले.

एस्टीत तिनं दोन-तीनदा विचारलं, त्या दिवसाचं काय म्हनले का. त्याचा काय संबंध म्हटलं. दर वेळी ती थोडी सैल झाली.

उद्या गावाकडं. केस कापून टाकते म्हटलं तर मारायला उठली. सकाळी मी यीन म्हणाली, न्हाईतर तू ये, परसातनं. हात धुवून ये म्हटलं, मिसरीचा वास येतो. तर म्हणाली, आधी का न्हाई सांगितलंस.

आता समोर बसलीय, शेंगा फोडत. काय लिवतीस एवढं, वाच की मला, म्हणते. हिला अक्षर येत नाही. मी वाचून दाखवलं. ‘एकतीस मार्च. रेघ वीस. हाडवाल्याच्या चुकीनं हात तिथंच राहिला, बाकी कोणाचा दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले.’ तिनं परत वाचायला लावलं. परत वाचलं. तिला खरं वाटावं म्हणून ओळीखाली बोट धरून वाचलं, सावकाश, शाळेतल्यासारखं.